८९७ की ४०८०? मदरबोर्डच्या साऊंडसाठी साडेसहा हजार जास्त द्यायचे का

प्रश्न थोडक्यात असा होता, की दोन बोर्ड शॉर्टलिस्ट केलेत, चिपसेट तोच, प्रोसेसर तोच, एकावर रिअलटेक एएलसी ८९७ आहे आणि दुसऱ्यावर एएलसी ४०८०, फरक साडेसहा हजारांचा, दुकानदार म्हणतोय ‘सर साऊंडमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडेल’. गाणी ऐकायची आवड, वडिलांच्या जुन्या कॅसेटी काँप्युटरवर घ्यायच्यात, आणि अधूनमधून स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायचंय. मग साऊंड बघून बोर्ड निवडावा का, आणि निवडायचाच तर नेमकं काय बघायचं.

मी पुण्यात वीसेक वर्षं पीसी जोडतोय, त्यातले बरेचसे घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे, क्लासवाल्यांचे, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. दरवेळी मी आधी उलटा प्रश्न विचारतो: आवाज ऐकणार कशावर? कारण ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर बोर्डावरच्या साऊंड चिपचा तुमच्याशी काडीचा संबंध नाही, डॅक (आकड्यांचा आवाज करणारा भाग) हेडफोनच्या आतच असतो. यूएसबी हेडसेटचंही तेच. एचडीएमआयने टीव्हीला किंवा एव्ही रिसीव्हरला जोडणार असाल तर आवाज ग्राफिक्स कार्डातून जातो, तिथेही रिअलटेक बसून राहतो. ऑप्टिकल केबल लावली तर आकडे जसेच्या तसे बाहेर जातात आणि त्याचा आवाज करण्याचं काम पुढच्या मशीनचं. म्हणजे चिपचा कस लागतो तो फक्त ३.५ एमएमच्या जॅकमध्ये काहीतरी खुपसलंत तर. गंमत सांगतो, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार-पाच जणांचा विषय इथेच संपतो आणि ते उरलेले पैसे एसएसडीत घालतात.

तुम्ही म्हणताय वायरवाले हेडफोन आहेत आणि टेबलावर पॉवर्ड स्पीकर आहेत, म्हणजे तुमचा विषय संपत नाही, चला पुढे.

आधी त्या नंबरांचं बघू. रिअलटेकची ही चिप म्हणजे कोडेक, आकड्यांचा आवाज करायचा आणि आवाजाचे आकडे करायचे एवढंच तिचं काम. इंटेलने २००४ मध्ये एचडी ऑडिओ नावाची पद्धत आणली (त्याआधी १९९७ ची एसी ९७ होती), तेव्हापासून बहुतेक बोर्डांवर चिपसेट आणि कोडेक यांच्यातली वायरिंग त्याच पद्धतीची आहे. ८८७, ८९२, ८९७ ही स्वस्तातली मंडळी, यांचा सिग्नल टू नॉइज (म्हणजे मूळ आवाज खरखरीच्या किती वर आहे ते) शंभर डीबीच्या खालीच, ९७ च्या आसपास असतो. मग मधे आली ११५० तिचा कागदावरचा आकडा ११५ डीबी, नंतर १२२० आली ती १२० डीबी. ४०८० पण त्याच १२० च्या घरातली, फक्त ती यूएसबीवरून बोलते, म्हणजे बोर्डावरच सोल्डर केलेलं एक यूएसबी साऊंड कार्ड समजा. बोर्ड कंपन्या यांना स्वतःची नावं देतात, असुसचं सुप्रीम एफएक्स, एमएसआयचं ऑडिओ बूस्ट, एएसरॉकचं प्युरिटी साऊंड, पण वरचं झाकण काढलं की खाली बहुतेक वेळा रिअलटेकच निघते.

आता हे डीबी तुमच्या कानापर्यंत किती पोचतात ते बघा. सोळा बिटच्या सीडीची रेंजच ९६ डीबी आहे. रात्री अकरानंतर शहरातली बऱ्यापैकी शांत बेडरूम तीस-पस्तीस डीबी धरा, पंखा चालू केला की पंचेचाळीसच्या पुढे गेलीच. तुम्ही मोठ्याने म्हणजे पंचाऐंशी डीबीला गाणं ऐकत असाल तर पंख्याच्या आवाजाच्या वर तुम्हाला चाळीस डीबी मिळाले. मग ९७ आणि १२० मधला फरक जातो कुठे? तो पंख्याच्या खाली गाडला जातो. कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनमध्ये गोष्ट थोडी वेगळी, तिथे बाहेरचा आवाज कमी येतो आणि ते फार सेन्सिटिव्ह असतात म्हणून बारीकसा ‘स्स्स’ ऐकू येतो, पण स्पीकरवर नुसत्या चिपच्या नंबरवरून कोणी फरक ओळखून दाखवत असेल तर मी त्याला स्वखर्चाने मिसळ खिलवीन.

दुसरं म्हणजे तो १२० हा आकडा चिपच्या डेटाशीटमधला आहे, तोही ए-वेटेड म्हणजे कानाच्या सोयीने मोजलेला, आणि चिपला स्वच्छ पॉवर मिळतेय असं धरून. मदरबोर्डावर स्वच्छ पॉवर कुठून येणार हो? एका बाजूला प्रोसेसरचे व्हीआरएम, म्हणजे त्याला वीज पुरवणारे सर्किट, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतायत, वरून दोनशे-तीनशे वॉटचं ग्राफिक्स कार्ड लोंबतंय आणि साऊंडचा सेक्शन नेमका त्याच्याच खाली, डाव्या कोपऱ्यात. म्हणून एकच चिप दोन बोर्डांवर वेगवेगळी वागते. मी ८९७ वाले असे बोर्ड लावलेत की हेडफोन घालून फुल व्हॉल्यूमवर कान टवकारले तरी काही नाही, आणि १२२० वाला एक महागडा बोर्ड (कंपनीचं नाव घेत नाही, एखादा पीस तसा निघू शकतो) असा लावला होता की माऊस हलवला की पुढच्या जॅकमध्ये ‘चिर्र चिर्र’, वेबपेज स्क्रोल केलं की ‘झिईई’, गिऱ्हाईक म्हणे घरात रातकिडा शिरलाय.

हा जो आवाज असतो ना, तो खरा शत्रू. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर करंट ओढतात तो दर क्षणाला बदलतो, तो परत जाताना ग्राउंडमधून जातो, आणि साऊंडचं ग्राउंड तेच असेल तर ते चढउतार सिग्नलवर स्वार होतात. त्यावर उपाय म्हणून बोर्डवाले साऊंडच्या भागाभोवती तांबं काढून एक पट्टी मोकळी सोडतात, काही जण तिच्यात एलईडी पण लावतात, म्हणजे ‘बघा आम्ही आयसोलेशन दिलंय’. एलईडीवर जाऊ नका. बोर्ड हातात मिळाला तर मागच्या बाजूने ट्यूबलाइटसमोर धरा, जिथे तांबं नाही तिथून उजेड झिरपताना दिसतो, ती रेघ साऊंडचा पूर्ण कोपरा वेगळा करतेय का हे डोळ्यांनी कळतं. पण याने खात्री होते असं नाही हं, अंदाज येतो. सोनेरी कपॅसिटर, कोडेकवर पत्र्याची टोपी, डावा-उजवा चॅनल वेगळ्या लेअरमध्ये, हे सगळं असलेलं बरं, पण मी नुसत्या त्यासाठी पाचशे रुपये पण जास्त देणार नाही.

पुढच्या जॅकबद्दल जरा जास्त बोलतो कारण लोक हेडफोन तिथेच लावतात आणि घोळ पण तिथेच जास्त होतो. बोर्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात नऊ पिनांचं एक हेडर असतं, त्यावर बहुतेक ‘एचडी ऑडिओ’च्या अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं, तिथून एक केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून कॅबिनेटच्या तोंडापर्यंत जाते. स्वस्त कॅबिनेटांमध्ये ही केबल धड शिल्ड केलेली नसते, पुढच्या पॅनलवर यूएसबी आणि ऑडिओचं ग्राउंड एकत्र केलेलं असतं, आणि मग तुम्ही बोर्ड पंचवीस हजारांचा घ्या नाहीतर आठ हजारांचा, गुणगुण येणारच. म्हणून कोणी ‘बोर्डाचा साऊंड खराब आहे’ म्हणाला की मी आधी हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावायला सांगतो. मागे स्वच्छ आणि पुढे चिरचिर असेल तर बोर्ड निर्दोष, कॅबिनेट गुन्हेगार. केबल मदरबोर्ड ट्रेच्या मागून, पॉवरच्या वायरींपासून लांब नेली की बऱ्याचदा निम्मं काम होतं.

मागच्या जॅकची भानगड वेगळी. तो लाइन आउट आहे, स्पीकरसाठी आणि अँप्लिफायरसाठी बनवलेला, त्याच्या रांगेत कधी कधी ७५ ओहमच्या आसपासचे रेझिस्टर लावलेले असतात. पॉवर्ड स्पीकरला त्याने काही होत नाही, त्यांचं इनपुट दहा हजार ओहमच्या घरात असतं. पण ३२ ओहमचे हेडफोन लावले तर हिशोब करा: एक व्होल्ट निघाला तर हेडफोनवर पोचतात ३२ भागिले १०७, म्हणजे ०.३ व्होल्ट, साडेदहा डीबी वाटेत गेले. आवाज लहान होतो ही खरी अडचण नाही, व्हॉल्यूम वाढवता येतो. अडचण अशी की बऱ्याच हेडफोनांचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, तेच ते ओहम) सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो, खर्जात एक, तारसप्तकात दुसरा, मग जिथे तो जास्त तिथे आवाज जास्त पोचतो आणि हेडफोनचा मूळ तोल बिघडतो. तीनचार ड्रायव्हरवाले इन-इअर असतील तर ते पार वेगळेच वाजायला लागतात. जुना ठोकताळा असा आहे की सोर्सचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांश किंवा त्याहून कमी असावा, म्हणजे ३२ ओहमसाठी चार ओहम. उलट सेनहायझर एचडी ६५० सारखे ३०० ओहमचे हेडफोन असतील तर ७५ ओहमने दोनच डीबी जातात, तोल फारसा ढळत नाही, मात्र त्यांना व्होल्टेज जास्त लागतं आणि ८९७ वाल्या साध्या बोर्डावर व्हॉल्यूम टोकाला नेऊनही ‘अजून थोडा हवा होता’ असं वाटू शकतं. इथे मात्र महागड्या बोर्डाचा खराखुरा फायदा आहे, काही बोर्डांवर पुढच्या जॅकसाठी वेगळा हेडफोन अँप असतो, असुसच्या बऱ्याच स्ट्रिक्स बोर्डांवर ४०८० सोबत सेव्हिटेकची अँप चिप असते ती याचसाठी.

हे घरी मोजता येतं. मल्टिमीटर असेल तर ५० हर्ट्झची साइन वेव्ह लावा, व्हॉल्यूम अर्ध्यावर, जॅकवर एसी व्होल्ट मोजा, मग जॅकच्या टिप आणि ग्राउंडमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर लावून परत मोजा. पहिलं रीडिंग भागिले दुसरं, त्यातून एक वजा, गुणिले ३३. एक व्होल्टचा ०.३ झाला तर उत्तर ७७ ओहम. रेझिस्टर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चिल्लरमध्ये मिळतो. हे सगळं बोर्ड घेतल्यावरचं झालं म्हणा, पण एखाद्या मित्राकडे तोच बोर्ड असेल तर घेण्याआधी पण होतं.

आता तुमच्या कॅसेटी, आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर फिरतं. तुम्ही दोन्ही बोर्डांच्या मागच्या बाजूचे फोटो दिलेत ते बरं केलंत. स्वस्त बोर्डाला तीन जॅक आहेत: हिरवा लाइन आउट, गुलाबी माईक आणि निळा लाइन इन, म्हणजे डेकसारख्या मशीनचा आवाज आत घ्यायचा. महाग बोर्डाला दोनच जॅक आहेत आणि एक ऑप्टिकल. म्हणजे साडेसहा हजार जास्त देऊन तुमचा लाइन इन गेला! हल्ली बऱ्याच नव्या बोर्डांवर हे होतंय, जागा यूएसबी पोर्टांना हवी असते आणि ‘लाइन इन कोण वापरतं’ असं कंपन्यांना वाटतं. कॅसेट डेक माईकच्या जॅकला लावायचा प्रयत्न केलात तर सिग्नल इतका मोठा असतो की आवाज फाटतो, शिवाय त्या जॅकवर माईकसाठी थोडं डीसी व्होल्टेज सोडलेलं असतं. काही बोर्डांत ड्रायव्हरमधून गुलाबी जॅकला लाइन इन करता येतं, ते मॅन्युअलच्या ऑडिओच्या पानावर एका तक्त्यात दिलेलं असतं, घेण्याआधी मॅन्युअल डाऊनलोड करून तेवढं पान बघाच. बोर्ड निवडताना साऊंडसाठी एकच कागद बघायचा असेल तर तो हा, जाहिरातीचं पान नव्हे.

कॅसेटीसाठी ८९७ ची रेकॉर्डिंगची बाजू पुरेल का? आरामात. साध्या कॅसेटची स्वतःची रेंज पन्नास-साठ डीबी, तिच्या हिसच्या खूप खाली चिपचा नॉइज आहे. तिथे फरक पडतो तो डेकमुळे. हेड आणि पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (रोलरच्या रबराला कमी लावा), आणि हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू, ॲझिमथचा म्हणजे हेडचा कोन ठरवणारा, तो कॅसेट वाजत असताना हळूच फिरवून वरचे सूर सगळ्यात खुले कधी वाटतात ते बघा. मी एका मित्राच्या आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी घेतल्या होत्या, स्क्रू पाव फेरा फिरवला आणि टाळ जे गोधडीखालून वाजत होते ते समोर आले. रेकॉर्डिंग २४ बिट ४८ किलोहर्ट्झवर करा, सगळ्यात मोठा आवाज वजा सहा डीबीच्या आसपास राहील असं ठेवा, वरच्या पट्टीला टेकवू नका. आणि डेकच्या लाइन आउटमधून घ्या, हेडफोनच्या भोकातून नको.

स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायचं म्हणताय, तर त्यासाठी कुठल्याच मदरबोर्डाच्या नादी लागू नका. गुलाबी जॅक हा हेडसेटच्या छोट्या इलेक्ट्रेट माईकसाठी आहे, त्याला लागणारे दोनतीन व्होल्ट तो देतो, संपलं. स्टेजवरचा डायनॅमिक माईक, म्हणजे शुअर एसएम ५८ सारखा, मिलिव्होल्टमध्ये सिग्नल देतो, तो मोठा करायला ड्रायव्हरमधला बूस्ट २०-३० डीबी वर न्यावा लागतो आणि त्याबरोबर बोर्डाची सगळी खरखर पण वर येते, पावसाळ्यात गटार तुंबून वर यावं तशी. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा फँटम लागतो, तो बोर्ड देतच नाही. ऑनलाइन मिळणारे ते स्वस्त ‘स्टुडिओ माईक’, सोबत एक्सएलआर ते ३.५ एमएमची केबल दिलेली, त्यांनी किती जणांना ‘माझा बोर्डच खराब आहे’ असं वाटायला लावलंय याची गणती नाही. चार-पाच हजारांत दोन चॅनलचा साधा यूएसबी इंटरफेस (माईक जोडायचा बाहेरचा डबा) येतो, माईकचा सिग्नल मोठा करणारा प्रीअँप आणि फँटम दोन्ही असतं, हेडफोनचं भोक पण असतं, बोर्डातल्या फरकाच्या पैशात तो बसतो आणि पुढचे दोन बोर्ड बदललेत तरी तुमच्याकडे राहतो.

साधारण असं बघा: जो माणूस बोर्डाच्या साऊंडवर पैसे घालतो त्याचे पैसे प्रोसेसरचं सॉकेट बदललं की बुडाले. नाही म्हणायला एक काळ असा होता की बोर्ड साऊंडसाठी घ्यायचे, एनव्हिडियाचा एनफोर्स २ आणि त्यातलं साऊंडस्टॉर्म, गेमचा आवाज तिथल्या तिथे डॉल्बी डिजिटलमध्ये करून ऑप्टिकलने बाहेर, लोक खास त्याच्यासाठी बोर्ड शोधत फिरायचे. पुढच्या चिपसेटमध्ये कंपनीनेच ते बंद केलं. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं, साऊंड कार्डाची हार्डवेअर कामं विंडोजने सॉफ्टवेअरमध्ये घेतली, तिथून पुढे जॅकमधून किती स्वच्छ निघतंय एवढंच उरलं. आठवण आली म्हणून सांगितलं, तुमच्या कामाचं नाही.

हेडफोनसाठी बोर्डावर अवलंबून राहायचं नसेल तर ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ एमएमचा छोटा अडॅप्टर हजाराच्या आसपास येतो, आउटपुट इम्पिडन्स एक ओहमच्या आत, आणि मोजमापात भल्याभल्या बोर्डांना लाजवतो. विंडोजवर चालतो. मात्र ३०० ओहमवाल्यांना तो कमी पडतो, त्यांनी मोठा डॅक-अँप घ्यावा. मागचे यूएसबी-सी पोर्ट मोजून घ्या म्हणजे झालं.

आता हम. ‘घूंऽऽ’ असा सतत खालचा आवाज, माऊस हलवला तरी न बदलणारा, हा चिपचा नसतो, हा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. पीसी तीन पिनच्या प्लगवर, स्पीकर किंवा अँप्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या तीन पिनच्या प्लगवर, दोघांची अर्थिंग दोन वाटांनी एकत्र येते, मधे ऑडिओ केबलची जाळी, झाला लूप. जुन्या वाड्यांमध्ये आणि तशा जुन्या बिल्डिंगांत तर अर्थिंगच नसते, तिसरं भोक नुसतं शोभेला, मग एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेट अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत असतं, हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, ते व्होल्टेज ऑडिओ केबलमधून स्पीकरकडे धावतं. यावर लोक काय करतात, की स्पीकरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. हे कृपा करून करू नका, हम जाईल आणि एक दिवस माणूस जाईल. सगळं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा, तरी राहिलाच तर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो काही शे रुपयांत (अगदी स्वस्तातला खर्ज खातो), नाहीतर ऑप्टिकल, त्यात तारच नाही तर लूप कसला. बोर्डाला ऑप्टिकल असणं हा माझ्या मते कोडेकच्या नंबरापेक्षा मोठा मुद्दा आहे, फक्त तुमच्या स्पीकरला ऑप्टिकल इनपुट आहे का ते बघा, नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

तिसऱ्या प्रकारचा आवाज म्हणजे मधेच ‘कट्ट’, ‘टक्क’, गाणं क्षणभर अडखळणं. हा पण चिपच्या क्वालिटीचा प्रश्न नव्हे, ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतायत. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवलं की कुठला ड्रायव्हर ते कळतं, माझ्या अनुभवात वायफाय किंवा ग्राफिक्सचा निघतो. ४०८० यूएसबीवर बसलेली असल्याने यूएसबीत काही घोळ झाला की साऊंडवर पण येतो, एएमडीच्या ५०० सिरीज बोर्डांवर २०२१ च्या सुरुवातीला यूएसबी तुटण्याची तक्रार होती, ती कंपनीने मान्य करून बायॉस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने सोडवली. म्हणून नवीन बोर्ड लावला की आधी बायॉस.

रिव्ह्यू वाचताना काय बघायचं ते पण विचारलंय. ‘साऊंड क्रिस्प आहे, बास पंची आहे’ असं लिहिणाऱ्याचं पुढे वाचू नका. राइटमार्क ऑडिओ ॲनालायझरचा तक्ता दिला असेल तर नॉइज लेव्हल आणि डायनॅमिक रेंज या दोन ओळी बघा, आणि तो मागच्या जॅकचा आहे की पुढच्या, ग्राफिक्स कार्ड लावून मोजलाय की नाही ते बघा. बहुतेक वेळा ते मोजमाप हिरव्या जॅकमधून केबल काढून त्याच बोर्डाच्या निळ्या जॅकमध्ये घालून केलेलं असतं, म्हणजे ऐकवणारा आणि मोजणारा एकच, जो जास्त वाईट तो आकडा ठरवतो, आणि रेकॉर्डिंगची बाजू सहसा जास्त वाईट असते. त्यामुळे तिथे ९२ आणि ९५ असा फरक दिसला तर त्यावरून भांडू नका. ७५ दिसला तर पळा.

आणि तुमचा बोर्ड आला की रिटर्नची मुदत संपायच्या आत हे करा, अर्धा तास लागतो. विंडोजमध्ये एन्हान्समेंट सगळ्या बंद, माईकचं ‘लिसन’ बंद, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ. गाणं काही न लावता व्हॉल्यूम १००, हेडफोन घाला (आधी व्हॉल्यूम लावा, मग हेडफोन घाला, आणि कोणाला नोटिफिकेशन पाठवू देऊ नका, कान जातील). आता माऊस गरागरा फिरवा, लांबलचक पान स्क्रोल करा, पेनड्राइव्हवर मोठी फाईल कॉपी करा, एखादा गेम लावून त्याचा आवाज म्यूट करून मेनूत फिरा, कारण मेनूतच ग्राफिक्स कार्ड सगळ्यात जास्त फ्रेम मारतं आणि जास्त किंचाळतं. आधी मागच्या जॅकला, मग पुढच्या. सतत बारीक ‘स्स्स’ आला आणि तो नेहमीच्या व्हॉल्यूमवर ऐकू येत नसेल तर सोडून द्या. माऊसबरोबर बदलणारा आवाज मागच्या जॅकला आला तर बोर्ड परत करा, तो ड्रायव्हरने जाणार नाही, दुकानदार ‘अपडेट करा सर’ म्हणेल, तरी परत करा.

तुमच्या बाबतीत मी तीन जॅकवाला ८९७ चाच घेईन, व्हीआरएम आणि एसएसडीचे एम.२ स्लॉट दोन्हीचे जवळपास सारखे आहेत असं तुम्हीच लिहिलंय म्हणून. कॅसेटी निळ्या जॅकमधून, स्पीकर हिरव्यातून, गाण्यासाठी इंटरफेस आणि हेडफोन पण त्यातच. फक्त कॅबिनेटचा फोटो टाका एकदा आणि हेडफोनचं मॉडेल सांगा, आणि स्पीकर ज्या प्लगवर आहेत त्याची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने बघून घ्या: फेज आणि अर्थमध्ये व्होल्टेज २३० च्या जवळ यायला हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोनतीनच्या वर नको.